उलटायची राहिलेली फळी

होडीचं तोंड समोरच्या काठावरच्या शाळेकडं होतं, पण होडी चालली होती आडवीच, बुडालेल्या जुन्या गावाकडं. लेकीला, अक्कूला, कडेवर घेऊन काठावर उभ्या असलेल्या रुद्राणीला हे तिच्या नवऱ्याच्या आधी दिसलं. दुष्काळानं धरणाचं पाणी एवढं उतरलं होतं, की गावाच्या पडक्या भिंती पाण्याखाली जेमतेम हातभर अंतरावर दबा धरून बसल्या होत्या. त्यातली एक होडीला खरवडून गेली. भीमाशंकर मास्तरांनी शीड उतरवलं, वल्हं मारत कसेबसे परत आले आणि वारा जरा खट्याळ होता म्हणून हसले.

रुद्राणी हसली नाही. वारा रोजचाच होता. अडली होती ती मधली फळी. शिडाच्या होडीच्या पोटात खाच असते, तिच्यातून ही फळी पाण्यात सोडली की वारा होडीला आडवं ढकलू शकत नाही. मास्तर नांदेडला कॉलेजात असताना गोदावरीत हे शिकले होते, आणि लग्नानंतर तिलाही त्यांनी समजावलं होतं. आज फळी अर्ध्यात अडकली होती. घरी आणून तिनं ती भिंतीशी उभी केली, आडवा दोरा ताणून धरला. दोरा आणि फळी यांच्यामध्ये तिची दोन बोटं सहज गेली.

उन्हाळ्यात धरण आटलं तेव्हा होडी चिखलात पडून होती, आणि चोरीच्या भीतीनं फळी घरी आणलेली. मास्तर चालतच पलीकडं जायचे. आता वरच्या धरणातून थोडं पाणी सोडलं आणि पायवाट बुडाली. त्यात नवा लातूर जिल्हा झाला, पलीकडची शाळा तिकडं गेली, आणि नवे साहेब कधी तपासणीला येतील याचा नेम नव्हता. वळसा घालून जाणारी एसटी शाळा अर्धी झाल्यावर पोचायची.

"रंधा मारतो," मास्तर म्हणाले. "सोमवारी जायलाच पाहिजे."

"रंध्यानं पातळ होईल, सरळ नाही होणार."

सासूबाई बसम्मा लसूण सोलत ऐकत होत्या. फळीकडं बघता बघता त्यांचा हात थांबला. ह्याच फळीवर त्यांनी उन्हाळाभर माळवदावर पापड वाळवले होते. गुळगुळीत, लांबरुंद, अशी फळी गावात कुणाकडं नव्हती.

"पापड रोज उलटवले मी," त्या हळूच म्हणाल्या. "न्हाई उलटवला तर वाटीवानी होतो. फळी मात्र कधी उलटवली न्हाई बघ."

रुद्राणीनं सासूकडं पाहिलं, मग फळीकडं. वरच्या अंगाला उन्हानं ओढलं होतं, ते आकसून खोलगट झालं होतं. मग ते ओलं करायचं आणि फुगलेल्या पाठीला ऊन द्यायचं. बी. एस्सी. करूनही हे आपल्याला आधी सुचलं नाही, याचं वाईट वाटून घ्यायला तिला सवड नव्हती.

पाणी कुठून आणायचं? धरणाचा काठ दर खेपेला धावायला लांब होता, आणि टँकरचं पाणी प्यायलाच पुरत नव्हतं. तिनं अक्कूला परातीत बसवून अंघोळ घातली आणि ते पाणी गोणपाटांवर ओतलं. ओल्या गोणपाटांवर खोलगट बाजू पालथी घातली आणि वर आलेल्या फुगीर पाठीच्या मधोमध जात्याची दगडी पाळ ठेवली. माळवदावर दिवसभर ऊन. गोणपाट सुकत आलं की ती पुन्हा धावायची.

सोमवारी, फळी सरळ व्हायच्या आधीच, मास्तर शीड शोधत फिरले. शीड आढ्याला बांधलेलं होतं. त्याची झोळी झाली होती आणि झोळीत अक्कू झोपली होती.

"उठवा तिला आणि न्या," रुद्राणी म्हणाली.

मास्तरांनी झोळीत डोकावलं, आईकडं पाहिलं. बसम्मा लसणातच गढलेल्या. "एसटीनं जातो," ते म्हणाले, आणि उशीर झाल्याबद्दल हेडमास्तरांची बोलणी तो आठवडाभर खाल्ली.

ती रोज दोरा ताणून बघायची. दोन बोटांचं एक झालं, मग नखाएवढं. सरळ झाल्यावरही तिनं पाळ लगेच काढली नाही. काढल्यावर फळी थोडी मागं येणार, म्हणून कडांखाली गोणपाटाच्या घड्या सरकवून तेवढी उलटी वाकू दिली. मग सावलीत उभी करून वाळवली. घाण्यावरून आणलेलं जवसाचं तेल कढवून दोन्ही अंगांना सारखं चोळलं. कडांना तर अधिकच, कारण पाणी शिरतं ते तिथूनच. एक हात वाळला की दुसरा. सासूबाईंनीही पदर खोचून चिंधी धरली.

होडी काढायच्या दिवशी झोळी सुटली. मास्तर खाचेत फळी सोडू लागले, तेव्हा रुद्राणीनं अक्कूला सासूच्या कडेवर दिलं आणि स्वतः होडीत जाऊन बसली.

"तुला पोहता येत नाही," मास्तर म्हणाले.

"म्हणूनच नीट बघेन."

फळी खाली गेली, न कुरकुरता, पार टोकापर्यंत. वारा आला, शीड फुगलं, होडी कलली. रुद्राणीनं होडीचा काठ घट्ट धरला आणि नजर बुडालेल्या भिंतींवरून हलवली नाही. भिंती जिथल्या तिथं राहिल्या, जवळ आल्या नाहीत. हळूहळू मागं पडल्या. शाळेचा झेंड्याचा खांब मात्र नाकासमोर मोठा होत गेला.

संध्याकाळी होडी परतली, तेव्हा बसम्मांनी माळवदाखालच्या तुळईला दोन दोऱ्या बांधून ठेवल्या होत्या. फळी आता सावलीत, उभी टांगून राहणार होती.

"आन् माझे पापड?" त्यांनी विचारलं.

"बाजेवर घाला, अव्वा," रुद्राणी म्हणाली. "उलटवायला मी येईन."