सांडलेल्या पावडरीवर पाणी

अहवाल वाचून हिल्काच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "जमिनीवर सांडलेल्या रसायनावर कामगाराने पाणी मारले व त्यावरून तो स्वतःच घसरला," असं त्यात लिहिलं होतं. कामगार म्हणजे ताइस्तो, खुब्याचं हाड मोडून सोमवारपासून इस्पितळात पडलेला. आणि ताइस्तोनं पावडरीवर पाणी मारलं म्हणणं म्हणजे पाद्र्यानं चर्चची दानपेटी फोडली म्हणण्यासारखं होतं.

सायमा सरोवराच्या काठावरच्या त्या पेपर मिलमध्ये ताइस्तो एकोणीस वर्षं सुरक्षा-प्रतिनिधी होता, कामगारांनीच निवडून दिलेला. कुणी नवीन माणूस कामाला लागला की ताइस्तो त्याला पहिल्याच दिवशी पॉलिमरच्या खोलीत न्यायचा. फरशीवर चिमूटभर पावडर टाकायचा, वर थोडं पाणी शिंपडायचा आणि म्हणायचा, "आता ठेव पाय." माणूस सटकला की त्याला कोपराला धरून सावरायचा. "सांडली तर आधी कोरडी झाडायची. सगळी गेली असं वाटलं की पुन्हा झाडायची. तोवर पाण्याचं नाव काढायचं नाही." हिल्कानंही सत्तावीस वर्षांपूर्वी असाच पाय ठेवला होता. तेव्हा तो प्रतिनिधी नव्हता, पण जित्याची खोड.

पावडर तशी गुणाची. लगद्यात तंतूंचे बारीक तुकडे असतात, खडूची पूड असते, आणि लगदा यंत्राच्या जाळीवर पडला की हे सगळं पाण्याबरोबर खाली पळायला टपलेलं असतं. टनामागे दोनशे ग्रॅम पॉलिमर द्या, ही चिल्लीपिल्ली एकमेकांना बिलगून जाळीवरच थांबतात. कागद भरीव होतो, खालचं पाणी नितळ राहतं. पण हीच पावडर फरशीवर ओली झाली की तिचा नुसता शेंबूड होतो. धुवायला जावं तर दुप्पट शेंबूड.

सोमवारी सकाळी गोणी फाटली आणि अर्धी फरशीवर आली. हिल्का झाडू घेऊन वाकते न वाकते तोच येस्पेर दारात उभा राहिला. येस्पेर म्हणजे नवा व्यवस्थापक. हेलसिंकीच्या कचेरीतून आलेला, वय छत्तीस, उंटावरून शेळ्या हाकण्यात तरबेज.

"दहा मिनिटांत पाहुणे येतायत, हिल्का. पाइप घे आणि धुऊन टाक."

"पाणी नाही चालत याला. कोरडी झाडावी लागते. तास जाईल."

"तास? अगं, पावडर आहे ती! पाण्यात विरघळते म्हणून तर आपण ती विकत घेतो ना?" तो हसला. "सत्तावीस वर्षं झाली तुला इथं, आणि साधं धुणं मी शिकवायचं?"

तिच्या डोक्यात तिडीक गेली. अजून दोन शब्द बोलली असती तर भागलं असतं, नाही म्हणून हाताची घडी घालून उभी राहिली असती तरी भागलं असतं. पण तिच्या मनात आलं, घे मग! बघच एकदा काय होतं ते. तिनं नळ सोडला आणि धार थेट त्याच्या चकचकीत बुटांच्या दिशेनं मारली. पुढे ये, एक पाऊल टाक, आपट एकदाचा, असं ती मनातल्या मनात म्हणत होती. तिची नजर त्या बुटांवरून हलत नव्हती.

पाण्याचा आवाज ताइस्तोनं बाहेर ऐकला. त्या खोलीतून पाण्याचा आवाज यायलाच नको होता, म्हणून तो धावला. "बंद करा! पाणी बंद करा!" असं ओरडत तो तिच्या मागच्या दारातून आत आला आणि दुसऱ्याच पावलाला घसरून आडवा झाला. हाड मोडल्याचा आवाज यंत्राच्या घरघरीतही तिला ऐकू आला.

मंगळवारी ती इस्पितळात गेली. ताइस्तो छताकडे बघत पडला होता.

"कुणी मारलं गं पाणी?" त्यानं विचारलं.

हिल्कानं आणलेला वेलदोड्याचा पाव पिशवीतून काढला, परत पिशवीत ठेवला. "चौकशी चालू आहे," ती म्हणाली. तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. तरी पावाची पिशवी तिथंच ठेवून ती बसनं घरी आली.

गुरुवारपर्यंत कॉफीच्या खोलीत थट्टा सुरू झाली होती. दुसऱ्या पाळीचा कौको म्हणाला, "म्हाताऱ्यानं स्वतःच शिकवणी घेतली वाटतं! एकोणीस वर्षं दुसऱ्यांना पाडलं, शेवटी स्वतः पडून दाखवलं." सगळे खो खो हसले. ही बातमी कुठून सुटली ते हिल्काला कळेना. शुक्रवारी येस्पेरनं बोलावून अहवाल पुढ्यात ठेवला तेव्हा कळलं.

"साक्षीदार म्हणून सही कर," तो म्हणाला. "खाली, उजवीकडे."

"हे खोटं आहे."

"तो तिथं होता, पाणी तिथं होतं. हे बघ, तो मार्चमध्ये निवृत्त होतोय. त्याला काय फरक पडतो? तुझी अजून पाच वर्षं आहेत. या कागदात तुझं नावही नाही, ते माझे उपकार समज."

"माझंही नाही आणि तुझंही नाही."

"तेच म्हणतोय मी."

"चोर सोडून संन्याशाला सुळी!" ती इतक्या जोरात ओरडली की बाहेरच्या टेबलावरची मुलगी वळून बघायला लागली. "त्या माणसाकडे दुसरं आहे काय रे? बायको गेली, पोरगा स्वीडनला. आयुष्यभर एक नियम सांभाळला त्यानं, आणि तू तोच त्याच्या हातून मोडून घेतोस? कागदावर?"

"आवाज खाली कर. पाइप कुणाच्या हातात होता, हिल्का?"

"माझ्या!" ती म्हणाली. "हुकूम तुझा, हात माझा. आण पेन इकडे."

तिनं ते वाक्य खोडलं, कागद फाटेस्तोवर खोडलं. खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं: पाणी मी मारलं. मारू नये हे मला माहीत होतं. येस्पेरनं मारायला सांगितलं. तो पडावा म्हणून मी मारलं. मग सही केली, बाहेर जाऊन त्या मुलीच्या यंत्रावर तीन प्रती काढल्या, एक कॉफीच्या खोलीत फळ्यावर टाचली, एक सरकारी कामगार-निरीक्षकाच्या पत्त्यावर टपालात टाकली आणि तिसरी घेऊन बस पकडली. येस्पेर जिन्यापर्यंत मागे आला होता. काय म्हणत होता ते तिनं ऐकलं नाही.

ताइस्तोला आता उशांना टेकवून बसवलं होतं. त्यानं चष्मा लावला, कागद वाचला, आणि पुन्हा एकदा वाचला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"दारातून आत आलो तेव्हा पाइप तुझ्याच हातात होता की. हाड मोडलंय माझं, डोळे नाही फुटले."

हिल्का खुर्चीत बसायची होती, ती उभीच राहिली. "मग मंगळवारी मला विचारलंस कशाला?"

"तू सांगतेस का ते बघायला."

त्यानं कागदाची घडी घातली. मग नखानं ती घडी करकचून दाबली. तो रागावला होता. इतक्या वर्षांत तिनं त्याला एकदाही रागावलेलं पाहिलं नव्हतं.

"त्या पोरावर मी चिडलो नाही," तो म्हणाला. "त्याला काय कळतंय? तुला मी शिकवलं होतं. पडलो तेव्हा तू माझ्याकडे बघतसुद्धा नव्हतीस, त्याच्या बुटांकडे बघत होतीस. आणि मग पाच दिवस, हिल्का. पाच दिवस लावलेस."

"ताइस्तो, मी..."

"आता जा. आज तुझं तोंड बघवत नाही मला. सोमवारी ये."