नमुन्याची कवळी

आमचे हे दात करतात. दातांचे डॉक्टर नव्हेत हो. डॉक्टर माणसाच्या तोंडात डोकावतात, माप घेतात आणि पाठवून देतात. त्या मापावरून लॅबमध्ये बसून कवळ्या करणारे ते आमचे हे. ज्याच्यासाठी दात करायचे तो माणूस ह्यांना कधी दिसत नाही, दिसतो तो त्याच्या हिरड्यांचा प्लास्टरचा साचा. लग्न ठरलं तेव्हा आई सगळ्यांना सांगायची, "जावई दातांच्या लाइनीत आहेत." त्या बोलण्याचा लोक जो काय अर्थ लावतील तो लावू देत, असा तिचा हिशेब होता.

"दोन वर्षांत परत येतो" म्हणून घर सोडून आम्ही परदेशी आलो, त्याला दहा वर्षं झाली. लॅबचा करारच दोन दोन वर्षांचा. तो संपत आला की मालकबाई हसतमुखाने पुढचा कागद आणून देतात, आणि आमचे हे त्याहून हसतमुखाने सही करतात. अशा पाच सह्या झाल्या. सहावा कागद फ्रिजवर चुंबकाने लावलेला होता आणि तीस तारखेपर्यंत हो किंवा नाही सांगायचं होतं.

इकडे मन लागेना असं काही नव्हतं. खोटं कशाला बोला? पण तिकडे माझे सासरे एकटे. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. वजनमापं खात्यात निरीक्षक होते. दुकानादुकानांत जाऊन तराजू तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलं. फोनवर एकच पालुपद, "माझं काय, मी ठणठणीत आहे. सावकाश या." ते ठणठणीत म्हणत, पण प्रत्येक वेळी आवाज आधीपेक्षा बारीक लागायचा.

मग जात का नव्हतो? तर माझ्यामुळे. ह्यांच्या लॅबमध्ये पॉलिशचं काम करणारा एक गावाकडचा मित्र होता. तो वाजतगाजत परत गेला आणि आठ महिन्यांनी मान खाली घालून त्याच लॅबमध्ये, त्याच खुर्चीवर, कमी पगारावर येऊन बसला. ते पाहिल्यापासून मी घरात जाहीर करून टाकलं होतं की आधी नेमणूकपत्र, मग तिकीट. माझं ठीक आहे, मी कपडे बेतते, सैल-घट्ट करून देते. शिलाई मशीन कुठेही ठेवा, चालतं. पण एका मशीनवर संसार चालत नाही. ह्यांना अट पटली होती आणि तिचा रागही येत होता. दोन्ही गोष्टी त्यांच्या कपाळावर एकदमच दिसत.

तिकडच्या चार लॅबना अर्ज पाठवले. तिघांनी "कळवतो" म्हटलं. आपल्याकडे "कळवतो" म्हणजे काय, हे मी काय सांगायचं! चौथ्या लॅबचे मालक मात्र स्वतः व्हिडिओवर आले. पांढऱ्याशुभ्र मिशा, चष्मा कपाळावर, आणि मागे फळीवर ओळीने साचे.

"तुमच्याकडे सगळं काम मशीनवर होत असेल," ते म्हणाले. "आमच्याकडे अजून हात लागतो. हात दाखवा."

ह्यांनी खरोखरच दोन्ही हात कॅमेऱ्यासमोर धरले. मी डोक्याला हात लावला.

मालक हसले. "तसे नव्हे हो. नमुना पाठवा. पूर्ण कवळी, खऱ्या माणसासाठी. माणूस आमच्या शहरातला हवा. तो ती घालून माझ्याकडे आला पाहिजे. मी बघेन, मग बोलू."

आता आमच्या ओळखीतला, त्याच शहरातला, बिनदाताचा माणूस एकच, आमचे बाबा, म्हणजे माझे सासरे. बाबांची जुनी कवळी कधीच ढिली झाली होती. बोलताना ती खटखट वाजायची म्हणून ते तिला कपाटात ठेवून द्यायचे आणि मऊ खाऊन भागवायचे. हे मला ह्या निमित्तानेच कळलं. ठणठणीत!

"वडील आहेत म्हणून सांगू नका," मी ह्यांना बजावलं. "मालक म्हणतील, घरचाच माणूस, तो बरंच म्हणणार. ओळखीचे एक गृहस्थ आहेत म्हणा."

ह्यांनी तसं कळवलं. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "सूनबाई, मी खोटं बोलणार नाही. पण कोणी विचारलं नाही तर आपण होऊन सांगणारही नाही." निरीक्षक साहेबांकडून एवढी सूट मिळाली हेच खूप झालं.

बाबा डॉक्टरकडे जाऊन माप देऊन आले. साचा त्यांनी जुन्या बनियनांत गुंडाळला, तो डब्यात घातला, डबा उशीच्या अभ्र्यात घातला आणि कुरियरने पाठवला. साचा शाबूत आला. ह्यांनी तो जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि पुढचे चार दिवस आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो.

एरवी दात आधी मेणावर लावतात, ती मेणाची कवळी माणसाच्या तोंडात बसवून बघतात आणि मगच पक्की करतात. इतक्या लांबून ते कसं जमणार? म्हणून ह्यांनी आमच्या लग्नातला बाबांचा फोटो समोर उभा केला. त्यात बाबा कोणत्या तरी गोष्टीवर मनापासून हसलेत. वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये चांगली फट आहे, काडी जाईल एवढी.

हे स्पिरिटच्या दिव्यावर सुरी गरम करायचे, मेण जरा मऊ करायचे, दात ठेवायचे, फोटो बघायचे, दात पुन्हा काढायचे. दुसऱ्या दिवशी मी बघते तर मेणावरही फट!

"अहो, हे काय?"

"बाबांना होती."

"होती, पण ही परीक्षा आहे ना? मालक काय म्हणतील, ह्याला दोन दात जवळ लावता येत नाहीत. इथे दहा वर्षं तुम्ही फटी बुजवून दिल्यात. नेमकी नोकरीच्या वेळी ही हौस सुचली?"

ह्यांनी वाद घातला नाही. वाद घातला असता तर बरं झालं असतं. त्यांनी निमूटपणे फट बुजवली आणि दिवसभर घरात असे फिरले की जणू मी त्यांचं काहीतरी चोरलंय. चहा दिला, तर "ठेव." जेवायला बोलावलं, तर "येतो." मीही कमी नाही. मी शिलाई मशीनवर बसले आणि एका पॅन्टची शिवण दोनदा उसवली.

रविवारी सकाळी हे आंघोळीला गेले होते तेव्हा मी टेबलाशी जाऊन उभी राहिले. दात अगदी एकसारखे, ओळीत, देखणे. फोटो बघितला. पुन्हा दात बघितले. लोक माझ्याकडे कपडे आणतात तेव्हा मी सांगत असते की अंगाप्रमाणे कपडा हवा, कपड्याप्रमाणे अंग कोण करणार? आणि इथे मी माझ्या सासऱ्यांच्या तोंडात टूथपेस्टच्या जाहिरातीतल्या माणसाचे दात बसवायला निघाले होते. मला माझीच लाज वाटली.

हे डोकं पुसत बाहेर आले.

"फट ठेवा," मी म्हटलं.

"आणि नोकरी?"

"गेली तर गेली. फट ठेवा म्हणते ना!"

ते एवढे खूश झाले की ओल्या केसांनीच दिवा पेटवायला बसले. मी मात्र मनातून घाबरले होते. तीस तारखेला नऊ दिवस उरले होते.

कवळी लॅबमध्ये पक्की करून, पॉलिश करून ह्यांनी रवाना केली. पंचवीसला ती पोचली. डॉक्टरांनी दोन ठिकाणी किंचित घासून बसवून दिली. सव्वीसला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून मालकांकडे जाणार होते. तिकडे दुपार म्हणजे आमच्याकडे सकाळ. आम्ही दोघं फोन मध्ये ठेवून बसलो होतो. हे कामावर उशिरा जाणार होते, मी एका बाईला "ब्लाउज उद्या" म्हणून सांगितलं होतं.

फोन आला. बाबाच होते.

"झालं का?" ह्यांनी विचारलं.

"झालं. भांडून आलो."

ह्यांनी फोन माझ्यापुढे सरकवला. मी फोन स्पीकरवर टाकला.

"बाबा, नीट सांगा. काय झालं?"

"अगं, तो माणूस तसा सज्जन आहे. खुर्ची दिली, पाणी दिलं. आ करा म्हणाला, केला. बोला म्हणाला, बोललो. सुपारी चावून दाखवली, ती फोडली. मग म्हणतो, ही कवळी दोन दिवस आमच्याकडे ठेवून जा, आमची माणसं तपासतील. मी म्हटलं, पावती द्या."

"कवळीची पावती?" हे ओरडले.

"मग? मी तीस वर्षं लोकांचे तराजू तपासायला घेऊन गेलो. पावतीशिवाय एक वजन उचललं नाही. तो म्हणाला, अशी पावती आमच्याकडे नसते. मी म्हटलं, मग माझे दात माझ्या तोंडात बरे. त्याचे दोन कारागीरही समजावायला आले. मी तोंडच मिटून घेतलं."

"आणि?"

"आणि काय, आलो निघून. बाकी दात झकास आहेत. वाटेत अर्धा किलो शेंगदाणे घेतले, बसलोय खात."

फोन ठेवल्यावर आम्ही एकमेकांकडे बघितलं. मला भयंकर राग आला होता, आणि रागाच्या मधोमध हसू यायला लागलं. मिटलेल्या तोंडाने बसलेले बाबा आणि त्यांच्याभोवती दात मागणारे तिघं जण! मी हसले, मग हे हसले, आणि डोळे पुसेपर्यंत हसलो. नंतर हे उठले, फ्रिजवरचा कागद काढला आणि पेन शोधायला लागले.

"आज सव्वीस आहे," मी म्हटलं.

"चार दिवसांत काय होणार आहे?"

"काही होणार नाही. तरी चार दिवस आहेत." कागद मी त्यांच्या हातातून घेतला आणि माझ्या कापडांच्या गठ्ठ्याखाली ठेवून दिला. खरं सांगते, मला काडीचीही आशा नव्हती. पण ती सही माझ्या डोळ्यांदेखत व्हायला नको होती.

अठ्ठावीसला सकाळी मालकांचा व्हिडिओ आला. ह्यांनी घाईत शर्टाची बटणं वरखाली लावली. मी बाजूला, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी उभी राहिले.

"तुमचे ते ओळखीचे गृहस्थ," मालक म्हणाले, "तुमचे वडील ना?"

ह्यांनी मान खाली घातली. "हो. सांगायला हवं होतं. चुकलं."

"चुकलंच. पण तुम्ही नाही सांगितलं, त्यांनीही नाही सांगितलं. ते कसं कळलं ते ऐका. कवळी द्यायला ते तयार होईनात. पावतीवरून माझ्याशी हुज्जत घातली. मला वाटलं, म्हातारा चक्रम आहे. दारापर्यंत गेले आणि परत फिरले. मला म्हणाले, रागावू नका. ही तुमच्याकडून हरवली तर दुसरी करून मिळायला पुन्हा किती वर्षं लागतील सांगता येत नाही. करणारा दोन वर्षांत येतो म्हणून गेलाय, दहा झाली."

 हे वरखाली लागलेली बटणं नीट करत बसले. माझ्या डोळ्यांतून सरळ पाणी वाहायला लागलं आणि मी ते पुसलंही नाही. दहा वर्षं "सावकाश या" म्हणणारा माणूस परक्या लॅबमालकाला खरं सांगून आला होता.

मालकांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. "चाळीस वर्षं ह्या धंद्यात आहे. लोक कवळी आणून टेबलावर आपटतात, टोचते म्हणतात, वाजते म्हणतात. काढून द्यायला नाही म्हणणारे हे पहिलेच. आणि ती फट फोटोवरून ठेवलीत ना? मेणात आधी बुजवून मग उघडलेली दिसते."

"कसं कळलं?" ह्यांनी विचारलं.

"माझीही चाळीस वर्षं गेली आहेत हो. एक तारखेला हजर व्हाल?"

हे नुसतीच होकारार्थी मान हलवायला लागले. शेवटी मीच कॅमेऱ्यात शिरले.

"एक तारीख नाही जमायची, साहेब. इथलं आवरायला महिना लागेल. त्याच्या पुढच्या महिन्याची एक. आणि नेमणूकपत्र आज पाठवाल का?"

 मालक मिशीत हसले. "तुम्ही त्यांच्या सूनबाई वाटतं. पाठवतो, आजच पाठवतो."

पत्र तासाभरात आलं. ह्यांनी ते तीनदा वाचलं, मी चारदा. मग ह्यांनी बाबांना फोन लावला आणि एका दमात सांगितलं की बाबा, पुढच्या महिन्यात आम्ही येतोय.

"बरं," बाबा म्हणाले. "किती दिवसांसाठी?"

ह्यांनी फोन माझ्याकडे दिला. 

"बाबा," मी म्हटलं, "ह्या वेळी परतीचं तिकीट काढत नाही."

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. फोन कट झाला की काय म्हणून मी दोनदा "बाबा? बाबा?" केलं.

"आहे, आहे," ते म्हणाले. "गाद्यांना ऊन दाखवायला हवं, त्याचा विचार करत होतो."