सोनालीसाठी दोन स्थळं

"इचार गो, पानी कुठलं पितात?"

आमचे हे सोनालीच्या कानाशी वाकून पुन्हा कुजबुजले. भातसानगरच्या धरण-कॉलनीत मोबाइलला रेंज यायची ती फक्त पाण्याच्या टाकीखाली, म्हणून आम्ही चौघं तिथं गोळा झालो होतो. सोनाली, तिचे वडील, तिचा भाऊ सूरज आणि मी. पलीकडे बँकॉकच्या एका खाजगी अकॅडमीचा मॅनेजर इंग्रजीतून बोलत होता.

"बाबा, नोकरीचा फोन हाय, सोयरिकीचा नाय," सोनाली फोनवर हात धरून म्हणाली.

"पोर घराबाहेर चाललीय ना? मंग सोयरीकच. इचार."

यांच्यापुढे मी तर संसारभर हात टेकलेले. पोरीनंही टेकले. तिनं विचारलं. मॅनेजर मोठ्यानं हसला. पाण्याच्या बाटल्या दुकानात मिळतात म्हणाला, आणि लगेच, कधी रुजू होणार, असं विचारून मोकळा झाला.

सोनाली आमची धाकटी. इंग्रजी घेऊन बी.ए. झाली, मग बी.एड. केलं, आणि शहापूरला एका शाळेत शिकवत होती. ठाण्याच्या एका एजन्सीकडून तिनं थायलंडला अर्ज केला, तर एकदम दोन ठिकाणांहून बोलावणं आलं. एक ही अकॅडमी. अकॅडमी म्हणजे आपल्याकडचे क्लासच हो, फक्त लिफ्टनं वर जायचं. ऑफिसातून सुटलेली माणसं संध्याकाळी शिकायला येणार, शनिवार-रविवारी तर दिवसभर काम. पगार मात्र भरभक्कम. दुसरी सरकारी शाळा, पार तिकडं ईशान्येला, भातशेतीच्या मुलखात. पोरं शेतकऱ्यांची, एकेका वर्गात ही गर्दी. पगार बेताचा, राहायला शाळेच्या आवारात खोली, आणि सुट्टी ऑक्टोबरात, म्हणजे ऐन आपल्या भातकापणीला.

"बाबा, इचार काय करताय?" सूरज रोज ठाण्याला नोकरीला जाणारा, त्याला सगळ्याची घाई. "बँकॉक म्हंजी मुंबईचा बाप. खेडंच बघायचं तर किन्हवली काय वाईट हाय?"

खरं सांगते, माझाही कौल बँकॉकलाच होता. माझा आपला साधा हिशोब. विमानतळ जवळ, कधी बरं-वाईट वाटलं तर पोर लवकर घरी येईल. पगाराचा आकडा ऐकल्यापासून सोनालीचं मन डळमळलं होतं. तिच्या वडिलांनी हो म्हटल्याशिवाय ती जाणार नव्हती, आणि हे हो म्हणायला तयार नव्हते. "घर बघितल्याबिगर पोर धाडायची नाय," एवढाच यांचा हेका.

आता हा हेका कुठून आला, ते मला ठाऊक. आमच्या थोरल्या पूजाच्या वेळी यांनी घर बघितलं नव्हतं. लडकू मध्यस्थ म्हणाला, "धाकलूभाऊ, घर भरलेलं हाय, बारमाही विहीर हाय, तुमी फक्त तांदूळ टाकायला या." यांनी विश्वास ठेवला. पहिल्याच उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसला. जावई गुणाचा, सासू मायाळू, पण फाल्गुन सरला की पोर हंडे घेऊन टँकरची वाट बघत बसते. बाप मुंबईला पाणी पाजणाऱ्या भातसा धरणावर पाण्याची पातळी बघायच्या नोकरीत, आणि लेकीच्या दारात ठणठणाट! धरण उशाला, कोरड घशाला म्हणतात, ते आमच्याच घरात येऊन बसलं. हे कधी बोलले नाहीत, पण पूजाकडं गेले की पाणी मागत नाहीत. ती तांब्या घेऊन येते, तर "आत्ताच पिऊन आलो" म्हणतात. मला तेव्हा भडभडून येतं.

दुसऱ्या दिवशी सरकारी शाळेतून फोन आला. पुन्हा सगळे टाकीखाली. बोलत होत्या तिथल्या इंग्रजीच्या बाई. नाव माली. यांनी लगेच मालीबाई करून टाकलं. आवाज माझ्याच वयाचा वाटला.

"पानी इचार."

सोनालीनं विचारलं. पलीकडून हसू आलं नाही. बाई सावकाश सांगायला लागल्या. सोनाली आम्हाला मराठीत सांगत गेली.

"घराघराला मोठाले रांजण असतात. छपरावरचं पावसाचं पानी त्याच्यात भरून ठेवतात, तेच वर्षभर पितात. उन्हाळ्यात कमी पडतं. मंग ज्याच्या रांजणात असंल तो शेजाऱ्याला देतो. बाई बोलतेय, मी तुला खोटं सांगून बोलावणार नाय."

"झालं!" सूरज म्हणाला. "ही पन तिकडं हंडे घेऊन फिरंल."

मी यांच्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता फोन बंद करायला सांगतील. तेवढ्यात सोनाली म्हणाली, "बाबा, ती इचारतेय, तुमच्याकडं पानी हाय का?"

हे गडबडले. आम्ही दोन पोरींची स्थळं बघितली, पण मुलीकडच्यांना असं कुणी विचारलं नव्हतं. यांनी मान वळवून धरणाकडं बघितलं.

"हाय बोल. चिक्कार हाय." मग मान परत वळवली. "नको, खरं तेच सांग. एका पोरीकडं हाय, एकीकडं नाय."

सोनालीनं ते जसंच्या तसं सांगितलं. पलीकडे बाई काहीतरी हळू बोलल्या.

"मोठ्या बहिणीला माजा नमस्कार सांग, बोलतेय."

हे खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसत राहिले. म्हणाले, "पानी कमी हाय असं आपल्या तोंडानं सांगनारं स्थळ पैल्यांदाच बघितलं रे. पन जायचं तुला हाय सोने. तू बोल."

"मला पोरंच शिकवायचीत, बाबा. पगार ऐकून मन चळलं व्हतं जरा."

"बँकॉकला गेली असती तर काय बिघडलं असतं?" सूरज पुटपुटला. मी त्याला म्हटलं, "गप रे, तुला परत एसी हापिसातच जायचंय ना!"

मे महिन्यात आम्ही जीप करून तिला विमानतळावर सोडायला गेलो. यांनी निघताना धरणाच्या पाण्याची बाटली भरून घेतली होती. सासरी जाणाऱ्या पोरीबरोबर पाठराखीण द्यायची रीत. ही एकटीच चाललेली, म्हणून ही बाटली. दारातल्या शिपायानं ती बघितली. "ये आगे नहीं जाएगा. अंदर नल है."

सोनालीनं तिथंच उभ्याउभ्या अर्धी बाटली संपवली, हनुवटीवरून ओघळ आला तरी थांबली नाही. उरलेली यांच्या हातात दिली आणि पाया पडली.

"अंदर कौनसा पानी आता है?" यांनी शिपायाला विचारलं.

"बंबई का पानी है. और कौनसा?"

यांचा चेहरा खुलला. "मंग आपलंच हाय गो! जा, निर्धास्त जा."

ती आत गेली. काचेतून दिसेनाशी होईपर्यंत हे हात हलवत होते. मी रडले, लपवत नाही. पण मन भरलेलं होतं. पोर स्वतः निवडलेल्या घरी चालली होती.

शहापूरला घराकडं वळायचा फाटा आला तसं हे ड्रायव्हरला म्हणाले, "सरळ चल. पूजाकडं जाऊन येऊ."

"असं रिकाम्या हातानं?" मी म्हटलं.

यांनी मांडीवरची अर्धी बाटली दोन्ही हातांनी नीट धरली.

"रिकामं कुठं हाय?" म्हणाले.