कपाटाच्या दाराची सायकलकार

मी एक जुनी सायकलकार आहे. माझे वय मात्र विचारू नका, मित्रांनो, कारण ते मलाही नीट सांगता येत नाही. माझ्या इंजिनाचा खालचा भाग एका मोटारसायकलचा आणि वरचा दुसरीचा. त्या दोघींनी जन्मात एकमेकींचे तोंड पाहिले नव्हते. चाके तिसरीकडून आली. पुढची खुर्ची न्हाव्याच्या दुकानातून निवृत्त झालेली आहे, आणि माझे अंग म्हणजे एका मोडीत निघालेल्या कपाटाची दारे. माझ्या डाव्या कुशीला अजून किल्लीचे भोक आहे. लहान मुले त्याला डोळा लावतात, आत काहीच दिसत नाही म्हणून हिरमुसतात आणि निघून जातात.

सायकलकार म्हणजे काय, हेही सांगायला हवे. शंभर वर्षांपूर्वी अशा गाड्या असत. मोटारीपेक्षा हलक्या, मोटारसायकलपेक्षा जरा थोराड, आणि घरच्या घरी जुळवता येतील इतक्या साध्या. माझ्यात दोघे बसतात, पण शेजारी शेजारी नाही, एकामागे एक. आणि गाडी चालवणारा मागे बसतो. हे पाहून रस्त्यावरचे लोक हसतात. मला त्याचे काही वाटत नाही. खरे सांगायचे तर थोडे वाटते, पण मी ते दाखवत नाही.

मला घडवले ते ताईंनी आणि त्यांच्या धाकट्या भावाने. ताईंचे मोटर वाइंडिंगचे दुकान होते. जळालेले पंखे आणि पंप त्यांच्याकडे येत. त्या आतली काळी पडलेली तार उपसून काढत आणि तांब्याची नवी तार वेढ्यावर वेढा देत भरत. पस्तीस वर्षे हेच काम. गप्पा मारता मारता त्या वेढे मोजत आणि त्यांचा आकडा कधी चुकत नसे. त्यांनी भरलेली मोटर परत आली असे कधी झाले नाही, आणि ही गोष्ट त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत असत.

भाऊ मोटारसायकलचे मेकॅनिक. दर रविवारी सकाळी पाण्याच्या टाकीच्या टेकडीवर गाडी घेऊन जायचे, वर दहा मिनिटे बसायचे आणि परत यायचे, एवढीच त्यांची चैन. मग एके दिवशी त्यांच्या गॅरेजचे छत कोसळले आणि पाठीला मार बसला. जीव वाचला, पण पायांतले बळ गेले. पुढची तीन वर्षे ते दुकानामागच्या खोलीतच होते. दवाखाना सोडला तर त्यांनी उंबरा ओलांडला नाही. एकदा मामेभाऊ मोटार घेऊन आला आणि म्हणाला, "चल, तुला टेकडीवर नेऊन आणतो." भाऊंनी तोंड फिरवले.

"मी काय सामान आहे का, उचलून न्यायला?"

मामेभाऊ गेल्यावर ताई म्हणाल्या, "मग स्वतः चालवत जा."

"पायांनी?"

"हातांनी. छोट्या, हातांना काय धाड भरलीय तुझ्या?"

भाऊंनी पन्नाशी ओलांडली होती, पण ताईंच्या तोंडी ते छोट्याच होते. रद्दीत सापडलेल्या एका फाटक्या पुस्तकात ताईंनी माझ्या पूर्वजांचे चित्र पाहिले होते. ते पान त्यांनी भाऊंच्या पुढ्यात टाकले. भाऊंनी ते उलटेपालटे करून पाहिले, आणि एक अट घातली. "तुझ्या समाधानासाठी एकदा बसेन. नाही जमलं तर पुन्हा हा विषय काढायचा नाही." ताईंनी मान डोलावली. मित्रांनो, मी नुसती गाडी म्हणून जन्माला येत नव्हते. मी चालले नाही तर त्या खोलीचे दार पुन्हा उघडणार नव्हते.

ताईंनी कंबर कसली. दुकानाचे दार अरुंद, आणि चौकट फोडायला घरमालक तयार नाही. म्हणून माझी रुंदी दाराने ठरवली. दोघांना शेजारी शेजारी बसवण्याचा प्रश्नच मिटला. सांगाडा लाकडाचा झाला. भंगारवाल्याकडून दोन मेलेली इंजिने आली. तो ती हातगाडीवरून उतरवताना म्हणाला, "ताई, हे चालू झालं ना, तर मी मिशी उतरवीन." त्याची मिशी चांगली झुपकेदार होती आणि तिच्यावर त्याचा फार जीव होता.

इंजिनाचे काम भाऊंनी पलंगावर बसून केले. मांडीवर फळी, फळीवर जुनी चादर, आणि चादरीवर मी तुकड्या तुकड्यांत. एकीचे तोंड दुसरीच्या गळ्यात बसेना. भाऊ घासत, बसवून पाहत, शिव्या हासडत आणि पुन्हा घासत. अकरा वेळा बसवले आणि अकरा वेळा काढले. त्या महिन्यात त्यांच्या नखांत पुन्हा काळे तेल दिसू लागले, आणि ताईंनी ते बघून साबणाची नवी वडी आणून ठेवली. माझा वेग, ब्रेक, इंजिनाचा जोर मागच्या चाकांना देणारा पट्टा ताणायचा दांडा, सगळे भाऊंनी हाताशी आणले. पायाला काही कामच ठेवले नाही.

स्टिअरिंग ताईंनी केले. मागच्या चाकापासून, म्हणजे भाऊंच्या हातातल्या चाकापासून, एक लांब दांडा पुढच्या खुर्चीखालून माझ्या नाकापर्यंत येतो. त्याच्या टोकाला लाकडी रीळ आहे. रिळावर पोलादी तारेचे वेढे, आणि तारेची दोन टोके पुढची चाके जोडणाऱ्या आसाच्या दोन बाजूंना बांधलेली. रीळ फिरला की आस वळतो. तार गुंडाळायची म्हटल्यावर ते काम ताईंशिवाय कोण करणार? माझ्या नाकापाशी पाट टाकून त्या बसल्या आणि त्यांनी इतके सुबक वेढे घातले की भाऊंनी खिडकीतून बघून वा म्हटले.

ठरलेल्या सकाळी मला दाराबाहेर काढले. दोन्ही बाजूंना बोट बोट जागा उरली. भाऊ मागे बसले, ताई पुढे न्हाव्याच्या खुर्चीत. भंगारवाला गंमत बघायला आला होता, त्यालाच इंजिन सुरू करायची दोरी ओढायला लावली. पहिल्या ओढीला मी खोकले, दुसरीला गप्प राहिले आणि तिसरीला पेटले. भंगारवाल्याचा हात आपोआप मिशीकडे गेला. भाऊंनी पट्टा ताणला आणि मी निघाले. काय सांगू, मला आकाश ठेंगणे झाले होते.

गल्लीच्या टोकाला डावे वळण आहे. भाऊंनी चाक डावीकडे फिरवले आणि मी उजवीकडे वळले. ते गडबडले, त्यांनी आणखी डावीकडे फिरवले, मी आणखी उजवीकडे गेले आणि शिंप्याच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन आदळले. कुणाला खरचटलेही नाही. माझा आस वाकला आणि न्हाव्याची खुर्ची खाडकन मागे आडवी झाली. ताई आभाळाकडे बघत पडल्या होत्या. शिंपी हसत बाहेर आला, पण भाऊंचा चेहरा बघून त्याचे हसू विरले.

भाऊ स्वतःच्या हातांकडे बघत होते. "पाय गेलेच होते," ते म्हणाले. "आता हातही ऐकत नाहीत."

चाकांच्या खुर्चीवरून ते आत गेले आणि खोलीचे दार लागले.

मित्रांनो, मला सगळे ठाऊक होते. आपण कुठल्या बाजूला वळतो आहोत ते गाडीला कळते. हात शहाण्यासारखे वागले होते, वेढेच उलटे होते. पण मला वाचा नाही. मी दुकानाच्या कोपऱ्यात वाकडे नाक घेऊन उभी राहिले आणि तेल गाळत राहिले. आयुष्यात इतकी असहाय मी कधीच नव्हते.

ताईंनी हार मानली नाही. विषय काढायचा नाही असे ठरले होते, म्हणून त्या एक शब्द न बोलता कामाला लागल्या. चौथ्या दिवशी त्यांनी आस सरळ केला, माझे नाक दोन खोक्यांवर उचलून ठेवले आणि सगळे मोकळे फिरते का ते बघायला मागच्या जागेवर जाऊन बसल्या. त्यांनी चाक डावीकडे फिरवले. पुढची चाके उजवीकडे गेली. त्यांनी पुन्हा फिरवले. मग उठून त्या नाकापाशी आल्या आणि रिळावरचे वेढे बघितले.

तार सोडून उलट गुंडाळायला दहा मिनिटे लागली असती. कुणाला पत्ता लागला नसता, आणि पस्तीस वर्षांचे नावही शाबूत राहिले असते. ताईंनी पक्कड हातात घेतलीसुद्धा. मग ती खाली ठेवली. तार सरळ झाली असती, पण आतल्या खोलीतल्या माणसाला आपले हात वाकडेच वाटत राहिले असते. त्यांनी तारेची टोके आसापासून सोडवली, रीळ वेढ्यांसकट दांड्यावरून काढला आणि खोलीचे दार ढकलले. रीळ माझाच भाग, म्हणून पुढचे सगळे मला कळले.

"छोट्या, हे बघ."

"ताई, विषय संपलाय."

"तुझा संपलाय. हा माझा आहे. वेढे कुठल्या बाजूने आहेत ते सांग."

भाऊंनी नाइलाजाने रीळ हातात घेतला, फिरवला, पुन्हा फिरवला.

"उलटे आहेत," ते हळूच म्हणाले.

"मी गाडीच्या नाकापाशी बसले होते. तू बसणार मागे, हे डोक्यातच आलं नाही. हात रोज फिरतो तसा फिरला. तुझे हात बरोबर होते. माझे चुकले."

ताईंना हे बोलताना किती जड गेले ते त्यांच्या आवाजावरून कळत होते. भाऊंनी रीळ मांडीवर ठेवला. मग त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटले रडत आहेत, पण ते हसत होते.

"आणि मी तीस वर्षं गाड्या दुरुस्त करणारा मेकॅनिक, गाडी काढायच्या आधी स्टिअरिंग फिरवून बघितलं नाही! शाबास माझी. ताई, ही गाडी आहे गं, पंख्याची मोटर नाही."

"कळलं. आता फार शहाणपणा करू नकोस. घे तार, गुंडाळ."

भाऊंनी स्वतःच्या हातांनी वेढे घातले. ताईंच्याइतके सुबक नाहीत ते. पण मी आजही त्याच वेढ्यांवर वळते.

पुढच्या रविवारी आम्ही टेकडीवर निघालो. तो रस्ता टाकीपाशी संपतो, म्हणून तिथे रहदारी नसते. शेवटच्या चढावर माझा पट्टा घसरू लागला आणि मला धाप लागली. ताई ढकलायला उतरू लागल्या. "बसून राहा," भाऊ ओरडले, "मी नेतो!" त्यांनी ब्रेक लावला, पट्टा आणखी एक खाच ताणला आणि मला पुन्हा सोडले. मीही जिवाचे रान केले. वर पोचल्यावर त्यांनी इंजिन बंद केले आणि टाकीकडे बघितले.

"हिला निळा रंग कधी दिला?" त्यांनी विचारले. एवढेच. ताईंनी पदराने डोळे पुसले.

खाली आल्यावर भंगारवाल्याने दिलेला शब्द पाळला. माझ्याच पुढच्या खुर्चीत बसून त्याने मिशी उतरवून घेतली. खुर्चीला फार दिवसांनी घरी आल्यासारखे वाटले असावे.

त्या दिवसापासून एक रीत पडली. मला सुरू करण्याआधी भाऊ चाक फिरवून विचारत, "डावीकडे?" पुढे बसलेल्या ताई चाकांकडे बघून सांगत, "डावीकडे." मग, "उजवीकडे?" "उजवीकडे." त्यानंतरच दोरी ओढायची. नऊ वर्षे आम्ही एकही रविवार चुकवला नाही. शाळेतली मुले माझी चित्रे काढू लागली. शिंप्याने मला मापाचा अभ्रा शिवून दिला आणि पायरीवरचा ओरखडा येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवला.

मग ताईंची नजर मंदावू लागली. आधी बारीक तार दिसेना, मग जाड, मग माणसे. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही. दुकान बंद झाले. भाऊंनी रविवारी हाक मारली तेव्हा ताई म्हणाल्या, "मला वरून काय दिसणार आहे? उगाच ओझं कशाला वाहतोस?" आणि ताई नाहीत म्हणून भाऊही गेले नाहीत. चौदा महिने मी अभ्र्याखाली होते. चाकांतली हवा गेली, मागच्या गादीत उंदरांनी संसार थाटला. भंगारवाला दारावरून जाताना विचारी, "भाऊ, उचलू का?"

"मिशी परत आलीय ना तुझी?" भाऊ म्हणत. "मग ती सांभाळ."

एका रविवारी मात्र भाऊंनी अभ्रा ओढून काढला, उंदरांना हाकलले, हवा भरली, तेल घातले. दुपारपर्यंत ते घामाघूम झाले होते. मग ताईंना हाक मारली.

"चल, बस."

"मला दिसत नाही रे, छोट्या."

"दिसायला कुणी सांगितलंय? चाक तुझ्या हाताशी आहे. तू सांगितल्याशिवाय मी गाडी काढणार नाही. एकदा काढली होती, तर शिंप्याच्या पायरीवर गेलो."

ताई चाचपडत न्हाव्याच्या खुर्चीत बसल्या. माझी पुढची चाके त्यांच्या गुडघ्यांच्या दोन्ही बाजूंना असतात. त्यांनी डाव्या टायरवर तळवा ठेवला. भाऊंनी स्टिअरिंग सावकाश फिरवले. टायर त्या तळव्याखाली वळला. तारेचा वेढा ओळखणारा तो हात होता, त्याला किती वेळ लागणार?

"डावीकडे," ताई म्हणाल्या. मग, "उजवीकडे." आणि मग जुन्या दुकानातल्या आवाजात, "बघतोस काय? काढ गाडी."

मित्रांनो, मी फार मोठे काही मागत नाही. वेळेवर तेल घाला, चाकांत हवा भरा, अभ्रा कोरडा ठेवा. आणि तुमच्या घरातले एखादे यंत्र किंवा एखादे माणूस बिघडले असे म्हणण्याआधी, जरा थांबून तार कुणी आणि कशी गुंडाळली होती ते बघा. आपली चूक असेल तर ताईंनी रीळ नेला तशी ती त्याच्यापुढे नेऊन ठेवा, आणि माझी आहे म्हणून सांगा.

पुढची खुर्ची काढून टाका, गाडी हलकी होईल, असे भाऊंना सांगणारे पुष्कळ आहेत.  भाऊ फक्त चाक डावीकडे फिरवतात आणि टायरवर तळवा ठेवून बसलेल्या ताईंच्या शब्दाची वाट बघतात. मीही बघते.