सव्वा महिन्याची मुदत

जगाचा शेवट बुधवारी दुपारी चार वाजता होता आणि अहिल्याकाकूंची फ्लाइट साडेसहाची. हे त्यांना कळलं तेही बुधवारीच, अडीच वाजता, बॅग वजनकाट्यावर उभी असताना. आता सांगा, माणसाने करावं तरी काय?

सकाळपासून काकूंचा पाय एका जागी ठरत नव्हता. लेक, चारुता, तिकडे सांता क्लाराला दिवस भरून बसलेली. शुक्रवारची तारीख. मी येते म्हटल्यावर फोनवर कन्यारत्न काय म्हणालं, तर "यू डोन्ट हॅव टू, आई. तू पण एकटीनेच मॅनेज केलं होतंस ना?" हे काकूंच्या जिव्हारी लागलं. केलं होतं मॅनेज! सत्त्याऐंशी साली, शिकागोत, रेसिडेन्सी चालू असताना. आईला व्हिसा मिळाला नाही. बाळंतपणाच्या अठराव्या दिवशी पांढरा कोट चढवून बाई ड्युटीवर हजर. ना तेल, ना शेक, ना कुणी हातावर डिंकाचा एक लाडू ठेवला. लेकीच्या वाट्याला हे येऊ द्यायचं नाही, असं त्यांनी त्याच दिवशी लिफ्टमध्ये रडता रडता ठरवलं होतं.

म्हणून गेल्या आठवड्यात शिकागोतल्या डेव्हन ॲव्हेन्यूवरची तीन दुकानं पालथी घालून त्यांनी मनासारखा डिंक मिळवला, खारीक कुटली आणि पस्तीस लाडू वळले. तीन महिने घर बंद राहणार म्हणून फ्रिज रिकामा केला, पीठ-साखर-डाळी शेजारच्या राधिकाला देऊन टाकल्या. फक्त एकनाथकाका तेवढे आवरत नव्हते. निवृत्त इंजिनियर माणूस, रविवारपासून स्वयंपाकघरातल्या सिंकखाली आडवा. सिंकमधला डिस्पोझल, म्हणजे खरकटं दळून वाहून नेणारं यंत्र, बिघडला होता. बिघडला म्हणजे काय, तर बटण बंद असतानाही गुरगुरत होता.

अशात बेल वाजली. दारात जाड जॅकेट घातलेला एक सडपातळ मुलगा. पाठीवर भलतंच फुगलेलं काहीतरी. "नमस्कार," तो म्हणाला, "शनिवारपासून माझं एक भांडं आपल्याकडे राहिलं आहे."

काकूंच्या मनात तिथेच पाल चुकचुकली. इतकं स्वच्छ मराठी या देशात कोण बोलतं? त्यांची स्वतःची लेक दोन वाक्यं धड बोलत नाही. नुकताच शिकायला आलेला दिसतोय, असं म्हणून त्यांनी त्याला आत घेतलं, पाणी दिलं.

भांड्याची गोष्ट अशी. ज्याने त्याने एकेक पदार्थ करून आणायचा अशा मंडळाच्या दर पॉटलकनंतर उरलेली बेवारस भांडी काकूंच्या घरी येतात, हा वीस वर्षांचा शिरस्ता. बुडाला चिकटपट्टीवर नाव असेल तर ठीक, नसेल तर फोटो ग्रुपवर. या शनिवारी एक पिवळंधमक, गोल, जड भांडं उरलं. नाव नाही. फोटोवर अकरा जणांनी अंगठे दाखवले, चौघांनी कुठून घेतलं ते विचारलं, मालक कोणी होईना. झाकण उघडलं तर आत काळंलाल काहीतरी, खाली विस्तव नसताना खदखदतंय. कुणाचा तरी मिसळीचा कट आंबला असणार! जन्मभर पॅथॉलॉजी केलेल्या बाई, त्या काय नाक मुरडणार? त्यांनी सगळं डिस्पोझलमध्ये ओतलं आणि भांडं चिंच-मीठ लावून असं लख्ख घासलं की त्यात तोंड दिसावं.

ते लख्ख भांडं पाहून मुलाचं तोंड उतरलं. तो मटकन खुर्चीत बसला, जॅकेटची चेन खाली गेली आणि दोन पांढरेशुभ्र पंख बाहेर पडून काकूंच्या बॅगेवर पसरले. सिंकखालून काकांनी विचारलं कोण आलंय, काकूंनी सांगितलं देवदूत आहे, तुम्ही तुमचं बघा.

मग त्याने सगळं सांगितलं. जगाच्या शेवटी सात देवदूत सात भांडी ओततात, त्यांतला तो सातवा. भांड्यात होता तो कोप. बुधवारी चार वाजता आभाळातून तो ओतायचा आणि उरलंसुरलं राक्षसाने खायचं. राक्षस बाहेर व्हॅनमध्ये बसलाय, डबल पार्क करून. शनिवारी हा नुसता जागा पाहायला आला होता, तर शाळेच्या हॉलमधून मंडळाच्या जेवणाचा वास आला. कुणीतरी हातात ताट दिलं, आग्रहाने वाढत सुटलं. ताटाला दोन हात लागतात म्हणून भांडं क्षणभर टेबलावर ठेवलं, ते गेलंच.

काकूंनी आधी त्याला फैलावर घेतलं, आणि मग विनवलं. सगळं शुक्रवारनंतर ठेवा, माझ्या लेकीचं होऊन जाऊ दे. तो म्हणाला, वर कोणी ऐकत नाही. बरं, कोप तर सांडून गेला, मग प्रश्नच मिटला की! तो मान हलवत राहिला.

"भांड्यात जे असेल ते चार वाजता जगावर पडतं, एवढाच नियम आहे. काही नसेल तर रिकामपण पडेल. त्यापेक्षा कोप परवडला, काकू. कोपात निदान कुणीतरी कुणावर तरी रागावलेलं असतं."

काकूंनी भिंतीकडे पाहिलं. घड्याळात सव्वातीन. एरवीही कुणाचं भांडं त्यांनी रिकामं परत पाठवलं नव्हतं, निदान चिमूटभर साखर तरी घालून द्यायच्या. पण घरात होतं काय? हळद, तिखट, मीठ. जगावर तिखट ओतायचं? राधिका ऑफिसला गेलेली. डेव्हनला जावं तर पार्किंग शोधण्यातच चार वाजणार. त्या ओट्यापासून दारापर्यंत आणि दारापासून ओट्यापर्यंत येरझाऱ्या घालत होत्या, आणि प्रत्येक फेरीला बॅगेतला तो स्टीलचा डबा आठवून नजर चुकवत होत्या.

खोटं कशाला सांगा, एक मिनिट त्यांना वाटलं, जाऊ दे जग खड्ड्यात. हे लाडू माझ्या पोरीचे आहेत. पण पोर तरी राहते कुठे? त्याच जगात ना!

त्यांनी बॅग उघडली. एकेक लाडू भांड्यात ठेवताना त्या देवदूताला सत्त्याऐंशी सालचं सगळं सांगत होत्या, पांढऱ्या कोटापासून लिफ्टपर्यंत. डोळे पुसायलाही थांबल्या नाहीत. अठ्ठावीस लाडवांत भांडं भरलं. उरलेले सात डब्यातच ठेवून त्यांनी विचारलं, बाहेरच्याला डोकी किती? सात, तो म्हणाला. मग हा डबा त्याला दे, म्हणाल्या, कामावर आलेल्या माणसाला उपाशी बसवतात का?

"आणि एक ऐक," त्यांनी दारात त्याला थांबवलं. "हे बाळंतिणीचं खाणं आहे. ज्याला हे वाढतात त्याला सव्वा महिना कोणी हात लावायचा नाही. वर सांग, डॉक्टरांनी बजावलंय."

चार वाजले. वीज नाही, गडगडाट नाही. तुपाचा आणि जायफळाचा वास तेवढा खिडकीतून आत आला. समोरचा पानं उडवणारा माणूस मशीन बंद करून पायरीवर टेकला. कोपऱ्यावर बस थांबली आणि कोणीही हॉर्न वाजवला नाही. सिंकखाली डिस्पोझल गप्प झाला आणि काका घोरू लागले. काकू मात्र फोन हातात धरून उभ्याच होत्या. तो वाजला तेव्हा त्यांच्या हातून पडता पडता राहिला.

"आई," चारुता मराठीत बोलत होती, "मला आत्ता झोप लागली होती. किती महिन्यांनी. कुणीतरी डोक्याला तेल लावतंय असं वाटत होतं. तू निघालीस ना? मला नाही जमणार गं एकटीला."

निघालेच, म्हणाल्या काकू, पण रिकाम्या हाताने येतेय. लाडू नाहीत. लेक म्हणाली, तू ये.

डोळे पुसून त्या काकांना उठवायला वळल्या, तोच परत बेल. दारात राक्षस. एवढा मोठा की दोनच डोकी चौकटीत मावली, बाकीची पाच जिन्यावर ताटकळत. हातात काकूंचा डबा, आत एक लाडू. सहा डोक्यांनी सहा खाल्ले होते. सातव्याला मोह झालेला दिसत होता, कारण लाडवाच्या कडेला दाताची खूण होती.

मुदत मिळाली, तो म्हणाला, सव्वा महिना. पुढचं पुढे बघू. मग सव्वा महिन्याने बारसं करू, तेव्हाच या म्हणजे झालं, काकूंनी सांगितलं. हा लाडू मी चारुताला नेते. डब्याचं झाकण त्या लावणार, तेवढ्यात त्याने आपला केसाळ पंजा झाकणावर ठेवला.

"हा तुमचा," त्या सातव्या डोक्याने सांगितलं. "तुमच्याकडे यायला अडतीस वर्षं उशीर झाला."

फ्लाइटला अडीच तासही उरले नव्हते, टॅक्सी सांगायची होती, काका सिंकखाली घोरत होते. काकू बॅगेवर बसल्या आणि त्यांनी सावकाश सगळा लाडू खाल्ला.