मिश्रीवाल्या बाया

“माझ्या गालाचा तुकडा नेलाव की गं तुमी लोकांनी. त्यात काय निघालं ते माझ्या निलीला यिऊन सांग. फोनवर न्हाई, म्होरं बसून.”

गुलबर्ग्याच्या दवाखान्यात खाटेवर पडल्या पडल्या सुगंधाकाकूंनी पुतणीकडून, धनलक्ष्मीकडून, वचन घेतलं होतं. संतपूरची ही पोर बेंगळुरात कॅन्सरच्या प्रयोगशाळेत संगणकावर काम करी. गाठीतली कुठली जनुकं जागी, कुठली निजलेली, ते ताडून बघायचं. काकू गेल्या. तुकडा तेवढा राहिला.

आज पडद्यावर लाल-हिरव्या चौकटी उमटल्या. तंबाखू खाणारे एकीकडं, न खाणारे दुसरीकडं. पण न खाणाऱ्यांतल्या काही बाया नेमक्या खाणाऱ्यांच्या घोळक्यात जाऊन बसलेल्या. सगळ्या बीदर-गुलबर्ग्याकडच्या. काकूंचा तुकडाही त्यांतच. सर म्हणाले, नमुन्यांची अदलाबदल झाली असणार. काढून टाक, शोधनिबंध पाठवायचाय.

धनलक्ष्मीला दवाखाना आठवला. तंबाखू खाता का, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, “देवाशपथ न्हाई.” खोटं नव्हतंच ते. तव्यावर तंबाखू काळी भाजून, कुटून, रोज पहाटे त्या मिश्री लावत आणि तशीच गालात धरून झाडलोट करत. सोमवारच्या निरंकार उपासालाही. मिश्री काय खायची वस्तू आहे? शेजारी उभ्या धनलक्ष्मीलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

तिनं सरांना हे सगळं सांगितलं. ते हसले. दात घासल्याचा कुठं हिशेब धरतात का, म्हणाले.

“सर, नमुने खराब नाहीत. आपण विचारलंच चुकीचं.”

सरांनी हात लांबवून स्वतःच कळ दाबली. बाया पुसल्या गेल्या.

“आता कसं चित्र स्वच्छ झालं.”

धनलक्ष्मीच्या कानशिलात आग उठली. जिवंतपणी या बायांना कुणी धड विचारलं नाही. मेल्यावर मांसाच्या तुकड्यानं खरं सांगितलं, तर तोही लबाड ठरला.

व्हरांड्यात येऊन तिनं हुलसूरला काकूंच्या निलीला, निलम्माला, फोन लावला.

“थांब अक्का, थुकून येते. मिश्री हाय तोंडात.” चूळ भरल्याचा आवाज आला. “हं, बोल. गालात खरखर करायलंय गं कवाधरनं. मिश्री लावली की बरं वाटतंय. कामून फोन केलीस?”

धनलक्ष्मीच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं. म्होरं बसून, असं ठरलं होतं.

“आत्ता लावू नगंस. मी यायलेय.”

सरांना न विचारता ती खाली उतरली. बसस्टँडच्या वाटेवर एका दुकानात थांबून तिनं हातात धरायचा आरसा आणि तोंडात उजेड पाडता येईल अशी एक छोटी बॅटरी घेतली. बॅटरी तिथंच लावून पाहिली, पिशवीत ठेवली, आणि चालू लागली.