डाव्या खांद्यावर

अंबादासजींना डाव्या डोळ्यानं दिसत नाही, ही गोष्ट जबलपूरच्या चेरीताल मोहल्ल्यात दोघांनाच ठाऊक होती. एक ते स्वतः आणि दुसरी त्यांची बायको इंदू. डॉक्टरांना धरलं तर तिघं, पण डॉक्टर नागपूरचे होते आणि नागपूर मुद्दाम निवडलं होतं. जबलपुरातल्या डॉक्टरकडे जावं तर दारातच कोणीतरी ओळखीचं भेटतं, आणि दिवे लागायच्या आत अख्ख्या मोहल्ल्याला निकाल कळलेला असतो.

काचबिंदू निघाला. डावा डोळा गेला, उजवा थेंबांवर टिकेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. वर असंही सांगितलं की हा आजार घराण्यात उतरू शकतो, मुलांचे डोळे तपासून घ्या. झालं! प्रतिमाचं लग्न तेव्हा नुकतं ठरत होतं. एकुलती एक लेक, आणि स्थळ विजय नगरचं, पिढ्यान्‌पिढ्या इथंच राहिलेलं, नाव असलेलं घर. इंदूनं चष्म्याचा नंबर काढायच्या निमित्तानं लेकीचे डोळे तपासून घेतले. ते ठणठणीत निघाले. मग नवरा-बायकोनं ठरवून टाकलं की झाकली मूठ सव्वा लाखाची. लग्न थाटात लागलं.

एवढं झाल्यावर शहाण्या माणसानं मोटरसायकल विकली असती. अंबादासजी इतर बाबतींत शहाणे होते, मोटरसायकलच्या बाबतीत नव्हते. मोहल्ल्यातल्या अर्ध्या पोरांना त्यांनी गाडी शिकवलेली. भाजी आणायलासुद्धा ते गाडी काढत. अशा माणसानं एक दिवस किल्ली खुंटीला लावली की लोक विचारणारच, काहून हो, काय झालं? तेव्हा इंदू त्यांचा डावा डोळा झाली.

बायका गाडीवर एका अंगानं बसतात, दोन्ही पाय डावीकडे सोडून. म्हणजे तोंड आपोआप डावीकडेच. "देवानंच सोय करून ठेवली," असं अंबादासजी म्हणायचे आणि हसायचे. इंदू हसायची नाही. थांबलेल्या गाड्यांच्या मागं थांबणं हा त्यांना अपमान वाटे. दोन ट्रकांच्या मधली फट दिसली की हँडल तिकडे वळलंच. हेल्मेट आणि हॉर्नच्या गलक्यात बोललेलं ऐकू येत नसे, म्हणून हाताची भाषा ठरली. डावी बाजू मोकळी असली की इंदू त्यांच्या डाव्या खांद्यावर हलकं थोपटायची. धोका असला की सदरा मुठीत आवळायची. तिनं थोपटलं की ते मान न वळवता, क्षणाचाही विचार न करता डावीकडे घ्यायचे. एवढा भरवसा त्यांनी संसारात दुसऱ्या कशावर ठेवला नव्हता.

इतक्या दिवसांत एकदाही चूक झाली नाही, आणि तेच वाईट झालं. एखादा आरसा तुटला असता, कोणाचा गुडघा खरचटला असता, तर दोघंही शुद्धीवर आली असती.

भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या. लग्नानंतरच्या पहिल्या महालक्ष्म्यांना लेक माहेरी हवी. प्रतिमाच्या सासरी महालक्ष्म्या बसत नसत, त्यामुळे अडचण नव्हती. फक्त मुराळी जायला हवा. लेकीला सासरहून आणायला भाऊ जातो, भाऊ नसेल तर बाप. तो तिला घेऊन येतो, रीत एवढीच. अंबादासजींनी सकाळीच गाडी पुसून ठेवली.

"मी पण येते," इंदू म्हणाली.

"मुराळ्याच्या मागं बायको बसून आलेली पायली का कुठं? लोकं हसतीन ना."

"हसू द्या. विहीणबाईले भेटाचं आहे मले. येताना आम्ही दोघी ऑटोनं येऊ, तुम्ही एकटे सावकाश या."

ते तयार झाले. जाताना दमोह नाक्यावर उड्डाणपुलाच्या कामानं रस्ता निम्मा खाल्ला होता, आणि उरलेल्या निम्म्यात गणपतीचा मंडप. इंदूनं वाटेत दोनदा थोपटलं, एकदा सदरा आवळला. उतरल्यावर तिनं त्यांचा चुरगळलेला सदरा सारखा केला. तिला वाटलं, येतानाचं तेवढं निभावलं की झालं.

विजय नगरच्या घरी पाहुणचार झाला. विहीण वसुधाबाई तोंडानं गोड आणि नजरेनं पक्क्या. चहा देताना त्यांनी कप अंबादासजींच्या डाव्या हाताशी ठेवला. अंबादासजींना तो दिसला नाही. इंदूनं पटकन कप उचलून त्यांच्या हातात दिला, नवऱ्याचे फार लाड करते असं दाखवत. वसुधाबाई हसल्या.

"अजून हातात कप द्यावा लागतो वाटतं!"

"अहो मम्मी, हे तर काहीच नाही," प्रतिमा सासूला म्हणाली. सहा महिन्यांत तिची मराठी सासरच्या वळणाची झाली होती, पण उत्साह तोच. "लग्नाच्या खरेदीला जाताना मी मागच्या ऑटोतून बघायचे, बाबा ट्रॅफिकमध्ये असे चिडतात ना, मग आई मागून त्यांच्या खांद्यावर थोपटते. इतकं गोड दिसतं! और बाबा एकदम शांत."

इंदूच्या हातातली बशी कलंडली. एवढी सावध बाई, पण लेक आपल्याकडे बघत असेल आणि बघून काही भलतंच समजत असेल, हे तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. चुकूनसुद्धा कधी थोपटू नको, असं पोरीला आत्ताच्या आत्ता सांगायला हवं होतं. पण समोर वसुधाबाई बसलेल्या. काहून नको, असं त्या विचारणारच. मग डोळ्याचा विषय निघणार, डोळ्यामागून घराण्यात उतरणारा आजार निघणार, आणि लग्नाआधी आम्हाला का सांगितलं नाही, हे तर ठरलेलंच. इंदूनं बशी सरळ केली आणि बर्फी छान झाल्याचं सांगितलं.

निघायची वेळ झाली. बॅग, फराळाचा डबा, विहिणीनं दिलेलं केळीचं पान आणि फुलं, असं सामान झालं. ऑटो आला. इंदूनं प्रतिमाचा हात धरला. "चल, आपण दोघी ऑटोत."

"हे काय इंदूताई," वसुधाबाई म्हणाल्या. "मुराळी एकटा जाणार आणि लेक ऑटोत? आमच्याकडे असं नाही चालत. लेक मुराळ्याच्याच संगतीनं जाते. तुम्ही सामान घेऊन या."

"आणि मला बाबांच्या मागे बसायचंच आहे," प्रतिमा म्हणाली. "लग्नानंतर बसलेच नाही."

अंबादासजींचा चेहरा लेकीच्या या एका वाक्यानं असा फुलला की इंदूला रडू फुटायचं बाकी राहिलं. ती त्यांच्याजवळ गेली, हेल्मेटचा पट्टा लावून द्यायच्या निमित्तानं पुटपुटली.

"आज कुठं घुसू नका. रांगेत उभे राहा, अर्धा घंटा लागला तरी."

"पोरगी आहे ना मागं. मले समजत नाही का?" ते हळूच म्हणाले. "नाही घुसत. तुझी शपथ."

"आणि ते थोपटाचं..."

"चलो बाबा!" प्रतिमा बसलीसुद्धा, एका अंगानं, साडीचा काठ सावरत, दोन्ही पाय डावीकडे सोडून. वसुधाबाई फाटकाशी उभ्या. अंबादासजींनी किक मारली आणि इंदूचं वाक्य तिच्याच तोंडात राहिलं.

"भैया, वो मोटरसाइकिल के पीछे-पीछे चलना," तिनं ऑटोवाल्याला सांगितलं. "छोड़ना मत."

"अम्मा, जासूसी कर रही हो का?" तो हसला.

इंदू पुढं सरकून बसली. तिच्या मनात पाल चुकचुकत होती. सगळ्या रस्त्यात तिला फक्त दोन पाठी दिसत होत्या. अंबादासजी शब्दाला जागत होते. चौकात जागा असूनही ते शिरले नाहीत. शेजारून पोरं आपापल्या गाड्या वाकड्यातिकड्या काढत पुढं जात होती, एकानं तर वळून "अंकल, सो गए क्या?" असं ओरडूनही घेतलं. अंबादासजी हलले नाहीत. मान तेवढी ताठ झाली. चिडले की त्यांची मान तशीच होते. इंदूला ते मागूनही कळलं. प्रतिमालाही कळलं असेल, बापाचीच लेक.

नको बाई, इंदू मनात म्हणाली. नको थोपटू.

दमोह नाक्याच्या अलीकडे सगळंच थांबलं. उजवीकडे पुलाच्या कामाचे पत्रे, समोर कार, आणि डावीकडे मुरूम भरलेल्या डंपरची रांग. मोटरसायकल कारच्या मागं. डाव्या बाजूला कार आणि पुढच्या डंपरच्या मधे एक चिंचोळी फट होती. तिच्यातून एकेक मोटरसायकल घसरत पुढं जात होती. मागचा डंपर थांबून थांबून सरकत होता. ऑटो बराच मागं अडकला. मधे दोन कार, एक लोडिंग रिक्षा. गणपतीच्या मंडपातले भोंगे असे वाजत होते की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये.

इंदू ऑटोतून उतरली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"अम्मा, सामान!" ऑटोवाला ओरडला.

ती गाड्यांच्या मधून चालायला लागली. ज्या फटींतून ती इतके दिवस नवऱ्याच्या मागं बसून गेली, त्या पायी जाताना किती अरुंद आहेत हे तिला पहिल्यांदाच कळलं. लोडिंग रिक्षाच्या कडीला पदर अडकला. तिनं तो खेचून फाडला. समोर प्रतिमाची पाठ दिसत होती, अगदी हाकेच्या अंतरावर म्हणावी, पण हाक पोचणार नव्हती. तरी तिनं मारली. "प्रतिमा! ए प्रतिमा!"

मागून एका कारनं लांबलचक हॉर्न दिला. अंबादासजींनी वैतागून डोकं हलवलं. प्रतिमा पुढं वाकली, त्यांच्या कानाशी काहीतरी बोलली. हसून बोलली असावी. बापाला ते ऐकू गेलं नाही, कारण त्यांनी काही उत्तर दिलं नाही. मग तिनं हात उचलला आणि त्यांच्या डाव्या खांद्यावर प्रेमानं थोपटलं.

इंदू किंचाळली. हँडल डावीकडे वळलं होतं. मान न वळवता, क्षणाचाही विचार न करता. त्याच वेळी पुढचा डंपर हलला आणि मागच्यानं मोकळी जागा भरायला गाडी पुढं घेतली. वेग काहीच नव्हता. माणूस चालेल एवढाच. पण लेकीचे पाय डावीकडेच होते.

इंदू पोचली तेव्हा प्रतिमा रस्त्यावर होती, शुद्धीवर. तिच्या पायाकडे इंदूनं एकदा पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही. तिनं लेकीचं डोकं मांडीवर घेतलं, तिचा हात हातात घट्ट धरला. कोणीतरी ॲम्ब्युलन्सला फोन लावत होतं. अंबादासजी गाडीचं हँडल धरून तसेच उभे होते. पडले नव्हते, खरचटलेसुद्धा नव्हते. डावीकडे बघायला त्यांना पूर्ण अंगानं वळावं लागलं, आणि मांडीवर लेक घेऊन बसलेली बायको त्यांना दिसली.

"तू ऑटोत होती?" ते म्हणाले. "मग खांद्यावर कोण..." आणि एवढं बोलल्यावर आज मागं कोण बसलं होतं ते त्यांना आठवलं. ते मटकन खाली बसले.

"मी तर नुसतं थोपटलं, आई," प्रतिमा म्हणाली. तिचे दात वाजत होते. "तू करतेस तसं. बाबा असे कसे वळले?"

तोवर लोकांनी डंपरवाल्याला ओढून खाली काढलं होतं. पोरसवदा नव्हता, चांगला पिकल्या मिशांचा माणूस होता. त्याच्या गळ्यातला गमछा धरून एकानं त्याला हिसडा दिला, दुसऱ्यानं मुस्काटात मारली. "अंधा है क्या? दिखता नहीं?" तो हात जोडून एकच सांगत होता, गाड़ी सीधी थी साहब, वो अचानक घुसे. त्याचं कोण ऐकणार? त्याच्या नाकातून रक्त यायला लागलं. गर्दीतल्या एकानं इंदूला धीर दिला. "माताजी, आप चिंता मत करो, इसको आज छोड़ेंगे नहीं."

इंदूनं अंबादासजींकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. ते बोलणार नाहीत हे तिला कळलं. गप्प बसणं सोपं होतं. दोघं मिळून इतके दिवस बसलीच होती. पण तो माणूस मरेल असं तिला वाटलं.

"उसको छोड़ दो," ती म्हणाली. कोणी ऐकलं नाही. मग ती घसा फाटेस्तोवर ओरडली. "छोड़ो उसको! उसकी गलती नहीं है! इनको बायीं आँख से दिखता नहीं. कब से नहीं दिखता. मैं पीछे बैठ के थपकी देती थी, तब ये मुड़ते थे. मुझे सब मालूम था."

गर्दीचे हात थांबले. भोंगे तेवढे वाजत राहिले.

प्रतिमा मांडीवरून आईकडे बघत होती. दुखण्यानं वाकडा झालेला तिचा चेहरा हळूहळू सरळ झाला, कारण ती आता समजून घेत होती, एकेक करून, सगळं. वसुधाबाईंपुढची बशी, हेल्मेटचा पट्टा, अर्धवट राहिलेलं वाक्य.

"तुला मला सांगता आलं असतं," ती म्हणाली.

इंदूनं मान हलवली. हो म्हणून.

प्रतिमानं आईच्या मुठीतून आपला हात सोडवून घेतला.